उजवा गाल

प्रयागबाईंच्या डोक्यात त्या साली एकच काम होतं, थोरली पोरगी उजवायची. नवऱ्याचे गुडघे, न्हाणीची गळकी पन्हळ, धाकट्या ताराचा गणितातला घोळ, ही सगळी कामं त्या एका कामामागे रांग लावून उभी होती आणि रांग काही पुढे सरकत नव्हती.

थोरली प्रेमिला मॅट्रिक झालेली, शिवणाच्या क्लासला जाणारी, नाकीडोळी नीटस आणि सावळी होती. सावळी हा आईचा शब्द. पाहायला येणारे तो वापरत नसत. ते पोहे खात, चहा पीत, "कळवतो" म्हणून उठत आणि कळवत नसत. लकडगंजातल्या त्या दोन खोल्यांत इतक्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले होते की रुपराव एकदा वैतागून म्हणाले, "आपण खानावळच काढू ना वं, लोक तारीफ तरी करतीन." रुपराव लाकडाच्या टालावर मुनीम होते. दिवसभर सागाच्या ओंडक्यांची मापं घ्यायची आणि संध्याकाळी बायकोचं ऐकायचं, असा त्यांचा संसार.

काटोलच्या लोकांनी मात्र निराळं केलं. त्यांची संत्र्यांची आडत होती, मुलगा बी.कॉम. झालेला होता आणि मुलाची आई भागीरथाबाई तोंडावर बोलणारी होती. तिने प्रेमिलाला खिडकीशी बोलावलं, हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवला आणि म्हणाली, "पोट्टी मले आवडली. रंग थोडा दबलेला आहे. संक्रांत होऊ द्या, मंग आम्ही आणखी एकदा येतो."

नकार देणारी माणसं दुसऱ्यांदा यायचं नाव घेत नाहीत, एवढं प्रयागबाईंना अनुभवाने कळत होतं. दसरा नुकताच झाला होता. संक्रांतीपर्यंत पोरीचा रंग जरासा उठवला की झालं. मसुराचं पीठ लावून झालं होतं, साय चोळून झाली होती, कुणी सांगितलं म्हणून कच्चा बटाटाही झाला होता. बटाट्याची भाजी चांगली झाली असती, असं प्रेमिला म्हणाली होती.

अशात शिवणाच्या बाईंनी एक बातमी आणली. शहरातल्या महाल भागात बायकांचं एक मंडळ होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे मंडळ वर्षातलं सगळ्यात चांगलं सौंदर्यप्रसाधन जाहीर करत असे. आधी हे काम अध्यक्ष यमुताई एकट्याच उरकत. स्नो, पावडर, काजळ, केशतेल समोर मांडायचं, हुंगायचं आणि बोट दाखवायचं. पण त्र्याहत्तर साली कुणीतरी कुरकुर केली की यमुताईंचं बोट दर वर्षी एकाच दुकानाकडे वळतं. यमुताईंना ते लागलं. त्यांनी तज्ज्ञ आणले. कातडीचे डॉक्टर कृष्णकांत आणि रसायन शिकवणारे मुकुंदराव प्राध्यापक. आणि या तज्ज्ञांना क्रीम लावून बघायला मुली हव्या होत्या.

प्रयागबाई दुसऱ्याच दिवशी प्रेमिलाला घेऊन महालात हजर. मंडळाच्या दिवाणखान्यात मुकुंदराव एकेक डबी नाकाशी नेत होते आणि दर वेळी शिंकत होते. यमुताई केशतेलाचा थेंब मनगटावर चोळून "हे चिकट आहे" म्हणत होत्या, आणि मुकुंदराव शिंकांच्या मधून "तेल चिकटच असतं" असं सांगत होते. डॉक्टर कृष्णकांत एवढे एकटे शांत बसले होते. पन्नाशीचे, बारीक आवाजाचे, हात गरम पाण्याने धुऊन मगच मुलीच्या गालाला लावणारे. प्रयागबाईंना ते पाहताक्षणी आवडले. एवढा हळुवार माणूस आपल्या पोरीचं वाईट करणार नाही, असं त्यांना वाटलं. त्याने मुद्दाम केलंही नाही, ही त्या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब.

डॉक्टरांची पद्धत सरळ होती. डब्यांवरची नावं काढून नंबर टाकले होते. प्रत्येक नंबराला तीन मुली. क्रीम लावायचं ते फक्त डाव्या गालाला, उजवा गाल साध्या पाण्याने धुऊन तसाच सोडायचा, आणि संक्रांतीच्या आधी दोन गालांत काय फरक पडला तो पाहायचा. डबी अधूनमधून वजन करून पाहिली जाणार होती. जास्त वापरलं तर मुलगी बाद.

"डाव्यालेच काहून जी?" प्रयागबाईंनी विचारलं.

"कुठला तरी एक ठरवायला हवा. मी डावा ठरवला," डॉक्टर म्हणाले.

प्रेमिलाला चार नंबरची डबी मिळाली. पांढरी, घट्ट, केवड्याच्या वासाची.

घरी आल्यावर प्रयागबाईंनी डबी देवापुढे ठेवली आणि विचारात पडल्या. शिकलेल्या माणसाला डावं-उजवं सारखंच असतं. त्यांना नव्हतं. नवी नवरी माप ओलांडते ती उजव्या पायाने, प्रसाद घ्यायचा तो उजव्या हातावर, प्रदक्षिणा घालायची ती देव उजवीकडे ठेवून. फार कशाला, पोरीचं लग्न करून देण्याला आपण उजवणं म्हणतो. डाववणं असा शब्द कुणी ऐकलाय? आणि त्याच कामासाठी आणलेलं क्रीम पहिल्यांदा लावायचं ते डाव्या गालाला. प्रयागबाईंचा हात धजेना. दोन्ही गालांना लावावं तर वजनात चोरी पकडली जाणार.

तेवढ्यात त्यांना आणखी एक गोष्ट सुचली आणि त्यांचं पक्कं झालं. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचा बाक भिंतीला टेकून होता आणि मुलीच्या पाटाची जागा ठरलेली होती. पाटावर बसलेल्या मुलीचा पाहुण्यांना दिसतो तो उजवा गाल. खिडकीचा उजेडही त्याच गालावर पडतो.

"माय, डॉक्टरनं डावा सांगतला," प्रेमिला म्हणाली.

"डॉक्टरले कोठं सून करायची आहे? भागीरथाबाई कोण्या बाजूनं बसतीन?"

"उजव्या."

"मंग? अर्धी तर गोरी दिसशीन. एकदा सुपारी फुटली का डाव्याचं पाहू."

प्रेमिलाने आरसा खाली ठेवला. "आणि लग्नात बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाले बसते. म्हणजे त्याले बी माझा उजवाच गाल दिसन. जमलं मंग."

पोरीने हे थट्टेने म्हटलं होतं. आईने ते मनापासून घेतलं. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला प्रयागबाई उजव्या हाताच्या बोटाने प्रेमिलाच्या उजव्या गालाला चार नंबर चोळू लागल्या. तपासणीला गेल्या की डॉक्टर विचारत, "कुठल्या गालाला?" आणि मायलेकी एका सुरात सांगत, "डाव्याले जी." डॉक्टर डावा गाल भिंगातून पाहत. थंडीचे दिवस होते, पोरीचं उन्हात जाणं आईने बंद केलं होतं, त्यामुळे डावा गालही निवळला होता. "छान," डॉक्टर म्हणत. यमुताई मान डोलवत. प्रयागबाईंना मनातून हसू येई.

मार्गशीर्षात एके सकाळी वेणी घालताना त्यांना दिसलं. उजव्या कानाच्या पुढे, गव्हाच्या दाण्याएवढी जागा उजळली होती. त्यांनी पोरीला खिडकीशी नेलं, पदराने गाल पुसला, पुन्हा पाहिलं. खरंच उजळली होती. त्यांनी रुपरावांना हाक मारली, देवापुढे साखर ठेवली आणि वेणी अर्धवट राहिली ती राहिलीच. त्या संध्याकाळी त्यांनी त्या दाण्यावर जरा जास्त क्रीम चोळलं. आनंदाने चोळलं, हे सांगितलंच पाहिजे.

दाण्याशेजारी दुसरा दाणा आला. मग ते एकमेकांत मिसळून चिंचेच्या पानाएवढी चकती झाली, आणि एक तोंडाच्या कोपऱ्याशी उगवली. गोरा रंग वेगळा आणि पांढरा रंग वेगळा, हे बाईमाणसाला सांगायला लागत नाही. प्रयागबाईंनाही ते कळत होतं. पण इतकी वाट पाहिल्यावर दारात आलेल्याला ओळख विचारायचा धीर कुणाला होतो?

"माय, हे गोरं नाही. पांढरं होऊन राहिलं," प्रेमिला एक दिवस आरशातून म्हणाली.

"पसरू दे. पसरलं म्हणजे एकसारखं होईन."

पसरलं. एकसारखं झालं नाही.

पौष लागला तेव्हा प्रयागबाईंचा हात डबीकडे जाईनासा झाला. त्यांनी क्रीम बंद केलं, खोबरेल लावलं, बावचीच्या बिया उगाळून लावल्या. डाग हलेनात. शेवटच्या तपासणीला पोरीच्या उजव्या गालावर पावडरचा थर देऊन त्या महालात गेल्या. डॉक्टरांनी ओल्या कापसाने दोन्ही गाल पुसले, भिंग लावून पाहिलं. मग मुकुंदरावांना बोलावलं. दोघं इंग्रजीत बोलले. डॉक्टरांचं बोट उजव्या गालावरून डाव्यावर गेलं, पुन्हा उजव्यावर आलं.

"घरात अजून कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

"काय जी?"

डॉक्टरांनी प्रेमिलाकडे पाहिलं आणि विषय सोडला. "संक्रांत झाली की दवाखान्यात आणा. घाबरू नका."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण गाल बदलला म्हटलं की इतक्या दिवसांचं खोटं बाहेर येणार, भरल्या खोलीत यमुताई काय बोलतील, क्लासच्या बाईंना काय तोंड दाखवायचं, असा सगळा विचार त्यांच्या मनात आला. माणूस असल्या लहान लाजेपायी मोठ्या खड्ड्यात पडतो. प्रयागबाई पोरीचा हात धरून तशाच घरी आल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिवाणखाना बायकांनी फुलला होता. यमुताईंनी निरोपावर निरोप पाठवले होते की प्रेमिलाने आलंच पाहिजे, तिच्या डबीला मान मिळणार आहे. प्रयागबाईंना वाटलं, जाऊ, तिळगूळ घेऊ, मागच्या सतरंजीवर बसू आणि निघू. पोरीच्या गालावर त्यांनी पुन्हा पावडर बसवली होती.

काजळाचा मान झाला, केशतेलाचा झाला. मग यमुताईंनी जाहीर केलं की यंदाचं सर्वांत उत्तम प्रसाधन म्हणजे चार नंबर, आणि हे आम्ही म्हणत नाही, तज्ज्ञ म्हणतात. त्यांनी प्रेमिलाला पुढे बोलावलं. मुलगी उठेना तेव्हा दोघी जणींनी कौतुकाने तिला हाताला धरून नेलं. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठून "यमुताई, त्याची गरज नाही" असं काहीसं म्हणाले, पण त्यांचा आवाज मुळातच बारीक. यमुताईंनी ओला रुमाल घेतला आणि पोरीचा उजवा गाल पुसून काढला.

"ही उजवी बाजू, क्रीमचं बोटही न लागलेली. बिचारीला डाग आहेत, यात लपवण्यासारखं काय? आणि ही डावी. चार नंबर लावलेली. एक ठिपका दिसतोय का कुणाला? डॉक्टर म्हणतात, कोडसुद्धा थोपवलं या क्रीमने."

टाळ्या पडल्या. आणि टाळ्यांच्या खालून तो शब्द सतरंजीवरून सरपटत मागच्या भिंतीपर्यंत गेला. कोड. प्रयागबाईंना तो येताना दिसला. पुढच्या बायकांनी मागच्यांकडे वळून पाहिलं, मागच्यांनी आपापल्या पोरी जवळ ओढल्या.

"उजव्यालेच लावलं होतं मी," प्रयागबाई उभ्या राहून म्हणाल्या. "डाव्याले नाही लावलं. हे त्या क्रीमनं केलं."

कुणीतरी हसलं. यमुताई गोड आवाजात म्हणाल्या, "बसा हो, बसा. आईचं मन असतं." क्रीमच्या कारखान्याच्या मालकांनी पुढे येऊन प्रेमिलाला चार नंबरच्या डब्यांचं अख्खं खोकं भेट दिलं. ती ते छातीशी धरून, गाल तसाच उघडा ठेवून उभी राहिली. रडली नाही. ती रडली असती तर प्रयागबाईंना सोसलं असतं.

गर्दी पांगल्यावर त्यांनी मागच्या खोलीत डॉक्टरांना गाठलं. उजवा हात, प्रसाद, पाहुण्यांचा बाक, सगळं सांगितलं. लाज कधीच सुटली होती. डॉक्टरांनी मध्ये न तोडता ऐकलं.

"बाई, तुम्ही दर वेळी डावा म्हणालात. मुलगीही डावा म्हणाली."

"खोटं बोललो जी."

"मग आज खरं बोलताय कशावरून?" हे त्यांनी दुखवायला विचारलं नव्हतं. "चार नंबर अजून दोन मुलींनी लावलं. त्यांच्या गालाला काही झालं नाही. माझ्याकडे येणारी प्रत्येक आई काहीतरी घेऊन येते. कुणी म्हणतं चटका बसला, कुणी म्हणतं अंगावर पाल पडली. कोड आहे हे कुणालाच नको असतं."

"माझ्या हाताले लावून पाहा. आत्ता."

"हाताची कातडी वेगळी, चेहऱ्याची वेगळी."

"मंग कसं मानाल तुमी?"

डॉक्टर थकले होते. त्यांनी चष्मा पुसला. "धडधाकट माणसाच्या गालावर हे लावून डाग पडलेला मला कुणी दाखवला, तर मानेन."

काटोलला ही बातमी पोचायला एसटीचीही गरज लागली नाही. रुपराव स्वतः गेले, हात जोडले. परत आले ते टोपी हातात घेऊन. भागीरथाबाईंनी दार लावून घेतलं नव्हतं, एवढंच. "मले पोट्टी आवडली होती," त्या म्हणाल्या होत्या. "सावळी चालली असती. पण हे कसं चालन? उद्या माझ्या नातवंडाले झालं तर? आता त्या डॉक्टरनंच म्हटलं का हे कोड नाही, तर आम्ही येतो. आखाजीपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं नाही थांबता येत."

"डॉक्टर म्हणन," प्रयागबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी ते खोकं उघडलं आणि आरशासमोर बसून आपल्या उजव्या गालाला चार नंबर चोळलं.

रुपरावांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच बायकोवर ओरडले. "येडी झाली काय वं तू? एकीचं झालं ते पुरलं नाही?"

"माझं काय व्हायचं राहिलं आहे? माझं लग्न झालं."

प्रेमिलाने डबी हिसकावून घेतली, तर दुसरी होती. दुसरी लपवली, तर तिसरी. "माय, लावू नोको. मी अशीच राहीन. शिवण करीन," ती म्हणाली. हे ऐकून प्रयागबाईंनी आणखी जोराने चोळलं. पोरगी अशीच राहीन म्हणते, म्हणजे तिने धीर सोडला, असा त्यांचा हिशेब.

आणि त्यांच्या गालाला काही होईना.

माघ गेला, फाल्गुन गेला. त्या सकाळी लावत, दुपारी लावत, निजताना लावत. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाची आता काय पत्रास? सगळं घर केवड्याच्या वासाने भरलं होतं आणि रुपरावांना त्या वासाने जेवण जाईनासं झालं होतं. खिडकीत उभं राहून त्या गाल फिरवून फिरवून बघत. तोच जुना, उन्हाने रापलेला, धडधाकट गाल. गल्लीतल्या बायका आता त्यांच्या नळावर आपली घागर लावत नव्हत्या. ताराच्या शाळेतल्या मैत्रिणीने डबा वाटून खाणं सोडलं होतं. ताराचा डबा अर्धा भरलेला परत येऊ लागला.

प्रयागबाई रोज देवापुढे बसत आणि मागत, डाग दे. आजवर या देवापाशी त्यांनी गोरेपण मागितलं होतं, जावई मागितला होता. त्याने दिलं नव्हतं. आता एवढं तर दे, हे तर तुझ्याकडे पडलेलं आहे, पोरीला न मागता दिलंस ना, मग मला मागून का देत नाहीस, असं त्या त्याच्याशी भांडत. कधी कधी त्यांच्या मनात येई की काही खरंच होणार नाही, डॉक्टर म्हणतात तेच खरं असेल. तसं मनात आलं की त्या उठून पुन्हा डबी उघडत.

चैत्र सरता सरता, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया तोंडावर आली असताना, तोंड धुऊन त्यांनी आरशात पाहिलं आणि खाली बसल्या. उजव्या डोळ्याखाली पांढरं आलं होतं. पाणी लावून पुसलं, गेलं नाही. नखाने खरवडलं, गेलं नाही. शेजारी अजून दोन ठिपके होते.

त्या इतक्या हसल्या की रुपराव घाबरून धावत आले. "पडला," त्या म्हणत होत्या. "पडला हो, पडला डाग." रुपरावांनी पाहिलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग तेही म्हणाले, "जा. आत्ताच जा."

प्रयागबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, मोठं कुंकू लावलं, पदर मुद्दाम मागे सारला की गाल सगळ्यांना दिसावा, आणि रिकाम्या डब्या पिशवीत भरून प्रेमिलाला घेऊन निघाल्या. सायकलरिक्षात बसून त्या पोरीला सांगत होत्या की काटोलला तुझ्या बाबांना उद्याच पाठवते, लग्न मेमध्ये उरकू, उन्हाळा असला तरी चालेल. प्रेमिला आईच्या गालाकडे बघत नव्हती. पण तिने आईचा हात धरला होता, आणि त्या हातात पुष्कळ दिवसांनी जोर होता.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर कृष्णकांतांनी मायलेकींना ओळखलं आणि लगेच आत घेतलं.

"पाहा जी," प्रयागबाईंनी गाल पुढे केला. "तुमीच म्हटलं होतं. चार नंबर लावलं. धडधाकट होतो मी. आता माना."

डॉक्टरांनी हात गरम पाण्याने धुतले. प्रयागबाईंना दिव्याखाली बसवलं. भिंग लावून डाग पाहिले, बोटाने ताणून पाहिले, मान वळवून कानामागेही पाहिलं. मग प्रेमिलाचा गाल पाहिला, आणि पुन्हा आईचा. तोच गाल, तीच बाजू. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच दुःख होतं.

"बाई, तुमच्या आईला होतं का?"

"काय?"

"असे डाग. किंवा मामाला, मावशीला?"

"नाही जी, हे मी लावून पाडलं. हे पाहा, डब्या आणल्या."

"रिकाम्या डब्यांनी काय कळणार?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी तेव्हाच घरात कुणाला आहे का विचारलं होतं. तेव्हा दिसत नव्हतं, आता दिसतंय. आईला आहे, मुलीला आहे. हे रक्तातून येतं. तुमचा काही दोष नाही, कुणाचाच नसतो. एवढं मनाला लावून घेऊ नका."

प्रयागबाई काहीतरी बोलत होत्या. उजवा हात, सकाळ-दुपार, माघ, फाल्गुन. डॉक्टर मान हलवत ऐकत होते, तापात बडबडणाऱ्या माणसाचं ऐकतात तसं.

"धाकटी एक आहे ना तुम्हाला?" ते शेवटी म्हणाले. "तिला एकदा घेऊन या. लवकर कळलेलं बरं."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायकांनी आतलं ऐकलं होतं. मायलेकी आल्या तशा त्या सरकल्या आणि बाकाचं अर्धं टोक रिकामं झालं. दोघी तिथे बसल्या. प्रेमिलाने पिशवी मांडीवर घेतली. मग आईकडे न वळता तिने हळूच विचारलं, "माय, खरं सांग. आजीले होतं काय?"

प्रयागबाईंना राग आला नाही. त्या आपली आई आठवू लागल्या. चुलीपुढे बसलेली, भाकरी थापणारी, बाह्या वर सारलेली. तिच्या उजव्या कोपराजवळ पांढरं काहीतरी असायचं. ते पीठच होतं, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. आता त्यांना नक्की आठवेना.